पाच एचपी

मोटर जळली की आमच्या घरात ते आधी वासावरून कळायचं. तात्या नदीवरून परत यायचे आणि त्यांच्या अंगाला, टॉवेलला एक गोडसर, करपट वास असायचा. वाइंडिंगवरचं व्हार्निश जळाल्याचा तो वास एकदा नाकात बसला की जात नाही. मग दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोटर टेम्पोत घालून कोल्हापुरात, उद्यमनगरात. एप्रिल महिना, ऊस तहानलेला, आणि रिवाइंडिंगच्या दुकानासमोर आधीच आठ-दहा मोटरी ओळीनं मांडलेल्या. दवाखान्याच्या बाकावर माणसं बसतात तशा.

मी तेव्हा दहावीत. मिस्त्रींनी मोटर उघडली, काळी पडलेली वेटोळी बघितली आणि तात्यांना विचारलं, “व्होल्टेज किती हुतं वो?”

“तीनशेच्या वर काटा सरकंना.”

“मग जळणारच की.”

मला ते पटेना. शाळेत नुकताच ओहमचा नियम झाला होता. व्ही = आय × आर. तारेचा रोध तोच असेल, तर व्होल्टेज कमी झाल्यावर करंटही कमी व्हायला पाहिजे. करंट कमी म्हणजे उष्णता कमी. मग मोटर जळली कशी? मी ते बोललो. मिस्त्री हसले नाहीत, एवढं मला अजून आठवतं. म्हणाले, “तुझं गणित बल्बाचं हाय बाळा. बल्बाला काय, कमी मिळालं तर कमी उजेड द्यायचा. हिला पाणी वर न्यायचं असतंय.”

हा लेख त्या एका वाक्यावर आहे. तिथवर जायला जरा लांबून जावं लागेल.

सुरुवात कोलोनपासून. जर्मनीतल्या या शहरात १८१७ पासून गेऑर्ग सिमोन ओहम नावाचा माणूस शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवत होता. बाप कुलपं बनवणारा कारागीर. तो स्वतःच पुस्तकं वाचून गणित शिकला आणि पोरांना घरीच शिकवलं. (उद्यमनगरात असे बाप मी पाहिलेत. शाळा चौथीपर्यंत, पण लेथवर उभं राहिल्यावर मिलिमीटरचा शंभरावा भाग बोटाला कळतो.) शाळेत बरी प्रयोगशाळा होती आणि ओहमला एकच प्रश्न छळत होता: तार लांब केली की तिच्यातून जाणारी वीज नेमकी किती कमी होते?

हा प्रश्न त्याच्याही आधी एकानं सोडवला होता, आणि कसा, तर स्वतःच्या शरीरावर. हेन्री कॅव्हेंडिश हा लंडनचा अबोल श्रीमंत माणूस विजेचा झटका स्वतः घ्यायचा आणि तो कितपत जोराचा लागला यावरून अंदाज बांधायचा. तेव्हा करंट मोजायचं यंत्रच नव्हतं, तो स्वतःच मीटर. त्याचं उत्तर जवळपास बरोबर होतं, पण त्यानं ते छापलंच नाही. मॅक्सवेलनं त्याच्या वह्या १८७९ मध्ये प्रसिद्ध केल्या, तोवर ओहमला जाऊन पंचवीस वर्षं झाली होती.

ओहमचा पहिला प्रयत्न फसला. १८२५ मध्ये त्यानं एक सूत्र छापलं, ते चुकीचं होतं. कारण काय, तर व्होल्टेज टिकत नव्हतं. त्या काळच्या रासायनिक बॅटऱ्या तार जोडली की हळूहळू ढिल्या पडायच्या. म्हणजे तारेमुळे करंट कमी झाला की बॅटरी दमली म्हणून, हे कळायला मार्ग नाही. आमच्या नदीकाठच्या कुठल्याही शेतकऱ्याला ही अडचण लगेच समजेल.

मग पोगेनडॉर्फ या संपादकानं त्याला सुचवलं की बॅटरी सोड, उष्णतेवर चालणारा जोड वापर. बिस्मथ आणि तांब्याच्या पट्ट्या जोडायच्या, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतंय तोवर दोन्ही टोकांचं तापमान हलत नाही, म्हणून व्होल्टेजही हलत नाही. अगदी थोडं, पण स्थिर. त्यात त्यानं वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा जोडल्या आणि टांगलेल्या चुंबकीय सुईचा पीळ मोजून करंट काढला. जानेवारी १८२६ च्या या मोजणीतून जे सूत्र निघालं ते आपल्या पुस्तकातल्यासारखं दिसत नाही. ते असं: करंट म्हणजे एक ठराविक संख्या, भागिले दोन गोष्टींची बेरीज. त्यातली एक, मी जोडलेली तार. दुसरी, माझ्या तारेच्या अलीकडचं सगळं: तो जोड, त्याच्या पट्ट्या, बाकीची जोडणी. या दुसऱ्या भागाला ओहमनं ‘बी’ म्हटलं होतं.

हा ‘बी’ लक्षात ठेवा. शाळेच्या पुस्तकात तो गाळून टाकतात.

१८२७ मध्ये ओहमचं पुस्तक आलं आणि फारसं कुणी विचारलं नाही. त्यानं कोलोनची नोकरी सोडली, काही वर्षं बर्लिनमध्ये शिकवण्या केल्यासारखी काढली. लंडनच्या रॉयल सोसायटीनं १८४१ मध्ये कोप्ली पदक दिलं, तेव्हा कुठे घरच्यांनीही दखल घेतली. त्याच सुमाराला मँचेस्टरजवळच्या एका दारूभट्टीवाल्याचा मुलगा, जेम्स जूल, तारा पाण्यात बुडवून पाणी किती तापतं ते मोजत होता. त्याला दिसलं की उष्णता करंटच्या पटीत नाही, करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. करंट दुप्पट, तर उष्णता चौपट. तात्यांच्या मोटरीची कथा खरं तर इथंच संपते, फक्त करंट का वाढला ते सांगायचं राहतं.

आधी एचपी.

आमच्याकडे मोटर वॅटमध्ये कुणी सांगत नाही. तीन एचपी, पाच एचपी, साडेसात एचपी. हा शब्द कानाला एवढा घरचा झालाय की त्यातला घोडा कुणाला दिसत नाही. जेम्स वॅटनं १७८० च्या दशकात हे माप बसवलं ते प्रयोगशाळेसाठी नव्हे, बिलासाठी. त्याचं वाफेचं इंजिन घेणाऱ्या गिरणीवाल्यांकडे आधी घोडे होते. माझं इंजिन तुमचे किती घोडे वाचवतं, ते सांगितलं की गिऱ्हाइकाला किंमत कळते. म्हणून एक घोडा म्हणजे मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणं, असं ठरलं. आणि एचपीमागे वर्षाला ठरावीक पाउंड, अशी आकारणी सुरू झाली. इंजिन किती तास चाललं ते बघायचं नाही. एचपी बघायचा, पैसे घ्यायचे. हे वाचलं तेव्हा मी उठून बसलो, कारण हे तर आमच्या पंपाचं बिल.

विजेसाठी नवं माप आलं १८८२ मध्ये. विल्यम सीमेन्सनं ब्रिटिश असोसिएशनपुढे सुचवलं की एक व्होल्ट गुणिले एक अँपिअर याला ‘वॅट’ म्हणावं. व्होल्ट, अँपिअर, ओहम ही नावं आदल्याच वर्षी पॅरिसच्या परिषदेत पक्की झाली होती. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. आपल्या भाषेत, ७६ किलो वजन सेकंदाला एक मीटर वर. मोटेचे बैल आठवा आणि मग पाच एचपीची मोटर आठवा.

आता कोल्हापूर. इथं विजेची गोष्ट पाण्यापासून सुटी करता येत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०७ च्या सुमारास भोगावतीवर धरणाचा घाट घातला, फेजिवड्याजवळ. नवी वसाहत झाली ती राधानगरी, कन्येच्या नावानं. तलाव झाला तो लक्ष्मी तलाव, राणीसाहेबांच्या नावानं. पैशाअभावी काम अर्ध्यावर थांबलं, महाराज १९२२ मध्ये गेले आणि धरण पुरं व्हायला पन्नासचं दशक उजाडलं. तोवर संस्थानही मुंबई राज्यात विलीन झालं होतं, १ मार्च १९४९ ला. धरणाच्या पायथ्याशी वीजघर आलं, ४.८ मेगावॅटचं. आजच्या मानानं ते खेळणं वाटेल. पाच एचपीच्या हजारभर मोटरी एकाच वेळी चालवायच्या म्हटलं तर तेवढ्यातच सगळं संपतं. पुढे १९६२ मध्ये कोयनेची वीज सुरू झाली आणि खेड्यापाड्यांत खांब उभे राहिले.

राधानगरीतून सोडलेलं पाणी नदीतून येतं आणि बंधाऱ्यांमागे थांबतं. पावसाळा संपला की बरगे घालायचे, पावसाच्या आधी काढायचे. इंजिनिअर लोक देशभर याला ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणतात, आम्हाला तो नुसता बंधारा. पण या पद्धतीत एक गोम आहे. कालवा नाही. पाणी नदीच्या पात्रात, शेत वर. मधे दहा, वीस, कधी पन्नास मीटरची चढण. म्हणजे प्रत्येक थेंब कुणीतरी उचलायचा. पूर्वी बैलांनी उचलला, मग डिझेल इंजिनांनी, ज्यातली कितीतरी उद्यमनगरच्याच फाउंड्र्यांत ओतलेली, आणि मग मोटरींनी. ज्यांना एकट्यानं पाइपलाइन परवडत नव्हती त्यांनी सहकारी पाणीपुरवठा संस्था काढल्या. साखर कारखान्यांनीही काढल्या. कोल्हापूरचा ऊस असा व्होल्ट गुणिले अँपिअरवर उभा आहे.

आता मिस्त्रींचं वाक्य उलगडता येतं.

साठ वॅटचा जुना बल्ब घ्या. २३० व्होल्टला तो पाव अँपिअरच्या जरा वर करंट घेतो. व्होल्टेज भागिले करंट, रोध आला साधारण ८८० ओहम. (मल्टिमीटर लावून बघाल तर थंड बल्ब साठ-सत्तर ओहमच दाखवेल. तार तापल्यावर रोध कित्येक पटींनी वाढतो. शाळेत मी हे करून मास्तरांना कोड्यात टाकलं होतं.) व्होल्टेज १७० वर आलं की करंटही उतरतो, आणि दोन्ही उतरल्यामुळे पॉवर जवळपास निम्म्यावर येते. बल्ब मंद होतो, बिघडत मात्र नाही.

पाच एचपीच्या मोटरीला बाहेर ३७३० वॅट द्यायचे असतात. आतला तोटा धरून ती तारेतून ४६६० च्या आसपास घेते. थ्री फेजमध्ये हिशोब असा: पॉवर म्हणजे १.७३ गुणिले व्होल्टेज गुणिले करंट गुणिले पॉवर फॅक्टर. ४१५ व्होल्ट आणि ०.८ पॉवर फॅक्टर धरला तर करंट येतो आठ अँपिअर. आता व्होल्टेज ३२० वर आलं. नदी तेवढीच खाली आहे, शेत तेवढंच वर आहे, पाइपातलं पाणी तेवढंच जड. पंप मोटरीकडून जवळजवळ तेवढंच काम मागतो. मोटर थोडी मंदावते. फिरत असताना ती स्वतःच आत जो उलटा दाब तयार करते तो उतरतो, आणि बाहेरचा करंट जास्त आत घुसतो. साडेदहा अँपिअर. म्हणजे १.३ पट. जूलचा वर्ग लावा: वाइंडिंगमधली उष्णता १.७ पट. इन्सुलेशनचा ढोबळ नियम असा की दर दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं. व्हार्निशचा वास येतो तो असा.

ओहमचा नियम इथंही खोटा ठरत नाही. माझं चुकलं ते एवढंच की मोटरीला मी नुसती तार समजलो.

आणि आता तो ‘बी’. डीपीपासून आमच्या स्टार्टरपर्यंत चारशे मीटर अंतर. चार चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनिअमची तार घातली, कारण तीच परवडली. प्रत्येक फेजमध्ये तीन ओहम रोध. आठ अँपिअरला तीसेक व्होल्ट वाटेतच पडले आणि तीन तारांत मिळून पावणेसहाशे वॅट नुसते हवा तापवण्यात गेले. पाऊण एचपी. ही तार आमची, तिचा दोष आमचा. तात्यांनी पुढे जाड तार टाकली, कपॅसिटर बसवला, फरक पडला. पण डीपीच्या अलीकडे? १०० केव्हीएच्या डीपीवर पाच एचपीच्या सोळा-सतरा मोटरी नीट चालतात. आमच्या डीपीवर पंचवीसच्या वर होत्या, शिवाय रात्री आकडे टाकणारे वेगळे. त्यात प्रत्येकाच्या स्टार्टरला ऑटो स्विच. रात्री बाराला लाइट आली की सगळ्या मोटरी एकाच सेकंदाला सुरू व्हायला बघणार, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. व्होल्टमीटरचा काटा तेव्हा असा आडवा पडतो की बघवत नाही. या ‘बी’वर शेतकऱ्याचा काडीचा अधिकार नाही, आणि जळते ती मात्र त्याची मोटर.

रात्री बाराला का, हा प्रश्न शहरातल्या वाचकाला पडेल. शेतीची थ्री फेज वीज पाळीनं मिळते, काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. रात्रीच्या पाळीत बॅटरी घेऊन, साप-विंचवांतून दारं धरायला जायचं. दिवसा दहा तास वीज द्या, या मागणीसाठी २०२२ च्या सुरुवातीला राजू शेट्टींच्या नेतृत्वाखाली कोल्हापुरात वीज कंपनीच्या कार्यालयासमोर शेतकरी दिवसरात्र ठिय्या देऊन बसले होते. एन. डी. पाटील सरांसारखी माणसं त्याआधी कित्येक वर्षं शेतीपंपाच्या वीजदरासाठी रस्त्यावर उतरत होती.

भांडण दराचं होतं तसंच मोजण्याचंही होतं. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात राज्यात शेतीपंपांना मीटरऐवजी एचपीवर आकारणी आली. गावोगाव मीटर वाचायला माणसं पाठवण्यापेक्षा ते सोपं. जेम्स वॅटचीच रीत, दोनशे वर्षांनी. पण त्यानं एक विचित्र गोष्ट झाली. ज्या पंपाला मीटर नाही त्यानं किती वीज खाल्ली हे मोजायचं कसं? एचपी गुणिले ०.७४६ गुणिले तास. यातले एचपी कागदावरचे आणि तास अंदाजाचे. व्होल्ट नाही, अँपिअर नाही, कुणी काही मोजलेलंच नाही. आणि अंदाज म्हटला की तो कुणाच्या सोयीचा, हा प्रश्न आलाच. इचलकरंजीचे वीजतज्ज्ञ प्रताप होगाडे वर्षानुवर्षं आकडे घेऊन हेच मांडत आलेत की शेतीचा वापर फुगवून दाखवला जातो आणि गळती-चोरी त्याखाली झाकली जाते. तीन एचपीच्या मोटरीला बिलावर पाच एचपी लावल्याच्याही तक्रारी झाल्या. उलट बाजूही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही: बिलावर तीन आणि नदीवर पाच, असे शेतकरी मला माहीत आहेत. पण एक चूक दुसऱ्या चुकीतून वजा होत नाही. दोन्हींत खरं माप हरवतं आणि डीपीवर किती भार आहे हे कुणालाच कळत नाही. मग डीपी जळतो, आणि पंधरा दिवस ऊस वाळतो.

२०२४ मध्ये राज्य सरकारनं शेतीपंपांची वीज मोफत केली, सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना. मर्यादा कशात, तर एचपीत: साडेसात एचपीपर्यंत. एकट्याचा पंप असलेला त्यात बसला. पण दोन-चारशे अल्पभूधारकांनी एकत्र येऊन काढलेल्या पाणीपुरवठा संस्थेचा पंप शेकडो एचपीचा. प्रत्येकाच्या वाट्याला भागून पाहिलं तर एकदीड एचपीही येत नाही, पण पाटीवर जो आकडा तोच धरायचा. सहकार केला म्हणून मर्यादेबाहेर. आमच्या भागात हे रोजचं बोलणं आहे, आणि मला तरी त्यात सरकारी दुष्टपणापेक्षा जुन्या मापाचा आंधळेपणा जास्त दिसतो. एचपी हे माप यंत्र विकण्यासाठी जन्मलं. त्यामागे किती माणसं आहेत हे त्याला कधी दिसणारच नव्हतं.

२०१९ च्या पुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. २०२१ ला पुन्हा तेच. पाणी उतरल्यावर उद्यमनगरात मोटरींची रांग रस्त्यावर आली होती. गाळ धुऊन, वाळवून, मिस्त्री प्रत्येकीला मेगर लावायचे. वाइंडिंग आणि बॉडी यांच्यात रोध किती ते बघायचं. इथं रोध जेवढा जास्त तेवढं बरं, दशलक्ष ओहमांत मोजायचा. काटा शून्याकडे झुकला की ते नुसती मान हलवायचे. तात्यांची मोटर वाचली. शेजारच्या आठ संस्थांचे पंप वाचले नाहीत.

परवा एप्रिलमध्ये मी गावाकडे होतो. मिस्त्रींनी दिलेला टाँगटेस्टर बरोबर घेतला होता. तार न तोडता नुसता चिमटा लावून करंट वाचता येतो, कॅव्हेंडिशला हे दाखवायला पाहिजे होतं. रात्री साडेबाराला तात्यांबरोबर नदीवर गेलो. मोटर चालू होती. व्होल्टमीटरवर ३२५. चिमटा एकेका तारेला लावला: १०.२, १०.४, १०.६. मोटरीच्या पाटीवर ८.

मी आकडा दाखवला. तात्यांनी चष्मा वर करून बघितला, मग हात मोटरीच्या अंगावर ठेवला आणि लगेच काढला.

“बंद करू का?” मी विचारलं.

त्यांनी वर शेताकडे बॅटरीचा झोत टाकला.

“अजून चार सऱ्या ऱ्हायल्यात,” ते म्हणाले.